मुळासकट उपटू नको

सांगली,
कार्तिक शुद्ध पंचमी

प्रिय ताई,


सूनबाईंनी आणलेलं चाइव्ह्जचं बी साताऱ्यात येईल का, असं तू विचारलंस. येईल, आणि आत्ताच पेर. पाऊस सरला, रात्री गार व्हायला लागल्या. बी रुजायला हीच हवा लागते. पाकिटावरची तारीख मात्र आधी बघ. कांद्याच्या कुळातलं बी वर्ष-दोन वर्षांत निकामी होतं, मग कितीही पाणी घातलं तरी रुजत नाही. ताजं असेल तर दोन-तीन आठवड्यांत केसासारखे हिरवे कोंब दिसतील. ते गवत समजून कुणी खुरपून टाकायला नको, तेवढं घरात सांगून ठेव.

चाइव्ह्जची पात आपल्या कांदापातीहून कितीतरी बारीक, आतून पोकळ आणि वासाला सौम्य असते. खरा फरक काढणीत आहे. कांदापात आपण जुडी बांधायची म्हणून मुळासकट उपटतो, तिथं रोप संपतं. हिला मोठा कांदा धरत नाही, तिचं बेट वाढत जातं. जमिनीपासून दोन-तीन बोटं सोडून कात्रीनं कापायची, की खालून पुन्हा फुटते. निम्मं बेट कापावं, निम्मं राहू द्यावं. दोन-तीन वर्षांनी बेट दाटलं की फोडून वेगळं लावायचं. एकदा जमलं की वर्षानुवर्षं तेच रोप. मला या झाडाचं सगळ्यात जास्त मोल वाटतं ते यासाठीच, ताई. रोज चार काड्या हव्यात म्हणून आख्खी जुडी आणून निम्मी फ्रीजमध्ये सडवायची, हे मला बघवत नाही.

मूळची ही थंड मुलखातली. ज्या गारव्यावर महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी पोसते, तसलाच गारवा हिला मानवतो. तुमचा सातारा आमच्याहून उंचावर, त्यामुळे तुला सोपं जाईल. तरी एप्रिल-मेमध्ये दुपारच्या उन्हातून कुंडी उचल. जांभळी फुलं येतीलच असं धरून चालू नको. त्यांना कडक हिवाळा लागतो. आली तर तीही खाता येतात.

इथं सांगलीत उन्हाळा चाळिशीला टेकतो आणि आमची काळी माती पाणी धरून बसते. या कुळाला साचलेलं पाणी अजिबात सोसत नाही. म्हणून मी चपट्या पानांची, लसणाच्या वासाची जात लावते. ती उन्हाला दाद देत नाही, पांढरी चांदणीसारखी फुलं धरते. मणिपुरात घरोघरी परसात असते ती मरोई नाकुप्पी हीच. 2019 च्या पुरानंतर माझ्या कुंड्या गच्चीवरच आहेत. मातीत निम्मी वाळू आणि शेणखत घालते. तूही कुंडीचं भोक खापरीनं झाक, बुजवू मात्र नको.

पावसाळ्यात कुंडी वळचणीला, पण पागोळीखाली नाही. कांदेनवमीनंतर तुझ्याकडे कांदा-लसूण बंदच असतो, तेव्हा चातुर्मासात कात्री लावूच नको. पावसानं दमलेल्या रोपाला तेवढी विश्रांती हवीच असते. पानांवर पांढुरके चट्टे दिसले तर ते फुलकिडे. जोरात पाणी मारून धुऊन काढ, न हटल्यास निंबोळी अर्क.

झुणक्याला आपली कांदापातच हवी, ही पात फोडणीत टाकलीस तर वास उडून जाईल. गरम थालिपिठावर लोणी आणि वरून ही चिरून घाल, किंवा ताकाची कढी उतरवल्यावर भुरभुर. सूनबाईंना उकडलेल्या बटाट्यावर दह्याबरोबर करून दे.

पहिली कापणी वीतभर वाढल्याशिवाय करू नका. आणि उरलेलं बी डब्यात जपून ठेवू नको, शेजारीपाजारी याच आठवड्यात वाटून टाक. पुढच्या दिवाळीपर्यंत त्यातलं बरंचसं मेलेलं असेल.

तुझी,
धाकटी