प्रीव्ह्यू दिसत नाही

२०२५ च्या दिवाळीतली गोष्ट. लिहायची राहून गेली होती, आज वेळ मिळालाय.

बाबा आमच्या मुलुंडच्या सोसायटीचे खजिनदार आहेत. (बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला हे पद आपोआप मिळतं, कोणी विचारत वगैरे नाही.) अठ्ठेचाळीस फ्लॅट, तिमाही मेंटेनन्स, आणि बहुतेक जण पैसे भरल्याची पावती पीडीएफ करून मेलने पाठवतात. बाबा त्या सगळ्या एका फोल्डरमध्ये उतरवून घेतात, एक्सप्लोररमध्ये ऑल्ट आणि पी दाबून उजवीकडचा प्रीव्ह्यू उघडतात आणि खालच्या बाणाची कळ दाबत एकेक पावती बघत रजिस्टरमध्ये टिक करत जातात. फाइल उघडायची नाही, बंद करायची नाही. ही युक्ती मीच शिकवलेली, त्यामुळे मला तिचा उगाच अभिमान.

धनत्रयोदशीचा शनिवार होता, १८ ऑक्टोबर. एरवी मी अंधेरीहून मेट्रोने घाटकोपर आणि तिथून स्लो लोकल असं करत घरी पोचेपर्यंत नऊ वाजतात, बाबांशी बोलणं म्हणजे 'जेवलास का' एवढंच. त्या दिवशी सकाळी बघतो तर काँप्युटर बंद आणि इंटरनेटची वायर काढून गुंडाळून ठेवलेली.

"काय झालं?"

"काही नाही. तुला वेळ असेल तेव्हा बघ."

आईने खरं सांगितलं. तीन दिवसांपासून प्रीव्ह्यूच्या जागी एक इंग्रजी सूचना येत होती की, या फाइलमुळे तुमच्या काँप्युटरला धोका होऊ शकतो. एका फाइलवर नाही, शंभरएक पावत्यांवर. बाबांना वाटलं, आपल्या हातून काहीतरी भलतं क्लिक झालं. डिजिटल अरेस्टच्या बातम्या वाचून ते आधीच धास्तावलेले. सभासदांच्या पैशांचा हिशोब त्या मशीनवर, म्हणून त्यांनी वायरच काढली. आणि मी एवढा इंजिनियर घरात असताना तीन दिवस मला सांगितलं नाही. मला ते सूचनेपेक्षा जास्त लागलं.

वर मीच त्यांना सप्टेंबरमध्ये विंडोज ११ चं नवीन मशीन घ्यायला लावलेलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपणार, नवीन सुरक्षित असेल, वगैरे भाषण देऊन.

बसलो. आधी नेहमीप्रमाणे रीस्टार्ट, मग पीडीएफचा रीडर बदलून पाहिला. काही फरक नाही. मग लक्षात आलं की काही पावत्या दिसतायत! मेल न वापरणारे आजी-आजोबा कागदी पावती देतात, बाबा त्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे स्कॅन करून पेनड्राइव्हवर आणतात. त्या सगळ्या व्यवस्थित. मेलमधून उतरवलेल्या तेवढ्या अडलेल्या.

मग उलगडलं. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलला विंडोज एक शिक्का मारतं. ही पद्धत २००४ च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ पासूनची. फाइलच्या पोटात न लिहिता तिला चिकटलेल्या एका लपलेल्या कप्प्यात, झोन.आयडेंटिफायर त्याचं नाव. आत झोनचा आकडा ३ असेल तर माल इंटरनेटवरचा. हा कप्पा एनटीएफएस डिस्कवरच टिकतो, पेनड्राइव्हच्या फॅट किंवा एक्सफॅटवर गेलं की गळून पडतो. १४ ऑक्टोबरच्या अपडेटपासून असा शिक्का असलेल्या फाइलचा प्रीव्ह्यू मायक्रोसॉफ्टने मुद्दाम बंद केला. कारण फाइलमध्ये बाहेरच्या सर्व्हरचा पत्ता दडवलेला असेल तर नुसत्या प्रीव्ह्यूनेही विंडोज तिकडे जाऊ पाहतं आणि जाताना तुमच्या लॉगिनचा एनटीएलएम हॅश देऊन बसू शकतं. फाइल न उघडताच चोरी! म्हणजे बिघाड नव्हताच.

उपाय सोपा. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये खाली 'अनब्लॉक'वर टिक. पण शंभर वेळा कोण करणार? मी पॉवरशेल उघडून अनब्लॉक-फाइल ही आज्ञा अख्ख्या फोल्डरवर चालवली. तरी सूचना जाईना. (इथे दहा मिनिटं गेली. साइन-आउट करून परत यावं लागतं कधीकधी.) परत आलो आणि सगळ्या पावत्या दिसायला लागल्या.

बाबा खूश नव्हते. म्हणाले, "त्यात एक 'थकीत बिल' म्हणून अनोळखी पत्त्यावरून आलेली होती. मी बघायची टाळली होती. ती कुठली?"

नाव आठवत नव्हतं. आणि बाहेरून आलेल्या कुठल्या, स्कॅन केलेल्या कुठल्या, हे सांगणारा शिक्का मी एका ओळीत सगळ्यांवरून पुसून टाकला होता. बाबा बाण दाबत गेले असते तर तीही आपोआप उघडी पडली असती.

"अरे, आम्ही चेक गठ्ठ्याने पास करत नव्हतो. प्रत्येक सही बघायचो."

मी गप्प. नोकरीत हीच चूक ज्युनियरने केली असती तर मी त्याला अर्धा तास ऐकवलं असतं.

फोल्डर बाजूला ठेवला आणि मेल उघडले. बाबा पाठवणाऱ्याचा पत्ता वाचणार, सभासदांच्या यादीशी ताडणार, मी त्याच मेलमधून पावती नव्या फोल्डरमध्ये उतरवून तेवढीच अनब्लॉक करणार. फराळाचं ताट मध्ये. ती फाइल चाळिसाव्या मेलच्या आसपास सापडली. निरुपद्रवीही असेल, आम्ही न उघडता काढून टाकली, जुन्या फोल्डरसकट.

शनिवारी रात्री अकरापर्यंत पुरलं नाही, रविवारीही बसलो. आता बाबा हे स्वतः करतात, मेल आला की एकेक. रविवारी संध्याकाळी सगळं जुळल्यावर कळलं की सहा जणांनी मेंटेनन्स भरलेलाच नाही. त्यातले एक आमच्याच मजल्यावरचे. तीन दिवस रोज लिफ्टमध्ये भेटून बाबांना विचारत होते, "काय साहेब, पावत्या झाल्या का?"