नदीचे गोटे

आठवीच्या वर्गात मी टायटनचा फोटो दाखवला. टायटन म्हणजे शनीचा सर्वांत मोठा चंद्र. १४ जानेवारी २००५ रोजी हायगेन्स यान तिथे उतरले. दोन वाहिन्यांपैकी एक सुरू करायची आज्ञाच राहून गेली, म्हणून निम्मी छायाचित्रे हरवली. उरली साडेतीनशेच्या आसपास. त्यांतलेच हे एक : नारिंगी मैदान आणि त्यावर दगड.

"किती मोठे असतील?" मी विचारले. कुणी म्हणाले, घराएवढे. खरे तर ते वीतभरही नाहीत. शेजारी झाड नाही, माणूस नाही, अंदाज कशावरून बांधणार?

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, ये तो नदी के गोटे हैं."

"उणे १८० अंशांत पाणी वाहेल का? बैठ जा." वर्ग हसला. तो बसला.

रात्री पुन्हा वाचायला घेतले. पोराचे बरोबर होते. तिथे पाणी नव्हे, द्रवरूप मिथेन वाहते. दगडच बहुधा पाण्याच्या बर्फाचे, प्रवाहात घासून गोल झालेले. वरून काढलेल्या फोटोंत फाटे फुटलेले ओढेही दिसतात. काळा सपाट भाग मात्र आधी समुद्रासारखा वाटला होता. निघाले ओलसर मैदान.

ईदचा चाँद दिसला म्हणणाऱ्याला आपण दहा प्रश्न विचारतो. या मुलाला मी एकही विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर माझी चूक सांगितली आणि त्याला विचारले, "कसं ओळखलंस?"

"नानी के गाँव की नदी गर्मी में सूखती है, सर. तब भी ऐसेच पडे रहते."