मोठा करता येईल असा फोटो

मामांच्या स्टुडिओत दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं येत. काही फोटो काढून घ्यायला येत आणि काही फोटो मोठा करून घ्यायला. पहिल्यांची पायरी चढण्याची तऱ्हाच वेगळी असे. साखरपुडा झालेली जोडपी, नुकतं जावळ काढलेली बाळं, जोतिबाचा डोंगर करून गुलालानं माखून परतलेली कुटुंबं, दहावीच्या फॉर्मसाठी केस पाण्यानं चापून बसवलेली पोरं. दुसरं गिऱ्हाईक बहुधा एकटं येई. डोकं तासलेलं, हातात पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो. तिसऱ्या रांगेत, पुढच्याच्या फेट्याआडून अर्धवट दिसणाऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवून तो म्हणे, "हे आमचे वडील. एवढे मोठे करून द्या. तेराव्याला पायजेत."

मामा तो फोटो स्टँडवर लावून त्याची नवी निगेटिव्ह करत. त्यातून चेहरा वेगळा काढत. मामी ब्रशनं खांदे रंगवून त्यावर कोट चढवत. आयुष्यात कधी कोट न घातलेला माणूस कोटात भिंतीवर जाई. शेंगदाण्याएवढा चेहरा दहा बाय बाराच्या कागदावर ताणला की त्याचं काय होणार? डोळ्यांच्या जागी दोन डाग, ओठांच्या जागी एक रेघ. मुलगा बघून घेई, पैसे देई, निघून जाई. त्या दिवशी मामा कुणाशी धड बोलत नसत. संध्याकाळी शटर ओढताना एवढंच म्हणत, "माणूस होता तोवर एकदा आणून बसवला असता, तर काय बिघडलं असतं?"

पोर्ट्रेट फोटोग्राफीचे जे काही नियम मला येतात, ते सगळे या एका प्रश्नातून आलेले आहेत. पुढं पुस्तकांत तेच नियम वेगळ्या कारणांसह भेटले. पण मामांचं कारण आधी कळलं होतं, त्यामुळं पुस्तकातली कारणं मला नेहमी थोडी हलकी वाटत आली.

१९८९ साली, बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला असताना, मी मंगळवार पेठेतल्या त्या स्टुडिओत शिकायला जाऊ लागले. फोटो काढायला शिकणारी मुलगी ही तेव्हा कोल्हापुरात रोज दिसणारी गोष्ट नव्हती. वडील फीचं विचारायला आले, तेव्हा मामा म्हणाले, "फी मला नको. त्या स्टुलावर जो बसंल, त्याला द्यायची." वडिलांना तो विनोद वाटला. मलाही.

पहिले कित्येक दिवस स्टुलावर माणूस आलाच नाही. मामांनी तिथं एक तांब्या पालथा ठेवला आणि त्याला पांढरी गांधी टोपी घातली. हा माझा पहिला मॉडेल. कॅमेरा होता यशिका मॅट, वरून खाली बघायचा, बारा फोटोंच्या रोलचा. त्याच्या काचेत चित्र सरळ दिसे, पण डावं-उजवं उलटं. तांब्या डावीकडं सरकवायचा तर कॅमेरा कुठं वळवायचा, हे हाताला कळेपर्यंत मामांनी पुढचं काही शिकवलं नाही. मग आकडे आले. ४, ५.६, ८, ११, १६. "एकेक घर पुढं गेलं की उजेड निम्मा," मामा सांगत. शटरची घरंही तशीच: तीस, साठ, सव्वाशे, अडीचशे. इकडं एक घर उजेड वाढवला तर तिकडं एक घर कमी करायचा, की फिल्मवर पडणारा उजेड तेवढाच राहतो. मग निवड कशाच्या आधारे करायची? माणूस हलणार असेल तर शटरचा विचार आधी, चेहरा पूर्ण स्पष्ट हवा असेल तर अ‍ॅपर्चरचा आधी. शंभर एएसएच्या फिल्मला कडक उन्हात एफ १६ आणि १/१२५, मोकळ्या सावलीत तीन घरं मागं येऊन ५.६. पण दुपारच्या उन्हात चेहऱ्याचा फोटो काढायचाच नाही, कारण डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो.

टोपी उगाच घातलेली नव्हती. लाइट मीटरला माणूस कळत नाही. त्याच्यासमोर जे येईल ते मध्यम राखाडी आहे, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी सुमारे अठरा टक्के परत पाठवणारं आहे, असं तो धरून चालतो. पन्हाळा-राधानगरीकडून येणारा शेतकरी उन्हानं रापलेला. वर पांढरी टोपी, खाली पांढरा सदरा. मीटर त्या पांढऱ्याला भुलतो, उजेड कमी करायला सांगतो, आणि मधला चेहरा बुडतो. मामा मीटर थेट गालाजवळ नेत. ते जमण्यासारखं नसेल तर स्वतःचा तळहात त्याच उजेडात धरून मोजत आणि एक घर जास्त उजेड देत, कारण तळहात मध्यम राखाडीपेक्षा साधारण एक घर उजळ असतो. "टोपी उडाली तर उडू दे," ते म्हणत, "टोपीला कोण ओळखणार आहे?" आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात हे जसंच्या तसं चालत नाही. निगेटिव्ह जादा उजेड पुष्कळ सोसायची. सेन्सरवर पांढरं एकदा उडालं की तिथं काहीच उरत नाही. पण मोजायचं ते चेहऱ्यावर, हे तेव्हाइतकंच खरं आहे.

हे सगळं तांब्यावर का शिकवलं, ते माणूस स्टुलावर बसल्यावर समजलं. कॅमेऱ्यासमोर बसलेल्या माणसाचा धीर फार टिकत नाही. तो सदरा सारखा करतो, श्वास रोखतो, आणि आपण आकडे फिरवत बसलो तर त्याचा चेहरा हळूहळू दगड होत जातो. म्हणून मामांची शिस्त कडक होती. गिऱ्हाईक बाहेरच्या आरशासमोर भांग पाडत असतानाच आत माप घेऊन, आकडे लावून, स्टुलाच्या अंतरावर फोकस बांधून व्हायला हवं. "आधी कॅमेऱ्याचं आटप. माणूस आला की माणसाचंच बघायचं."

अंतर हा त्यांचा दुसरा हट्ट. ते पाच-सहा फुटांच्या आत जात नसत. चेहरा लहान आला तर डार्करूममध्ये कागदावर मोठा करून घेत. जवळून काढलं की कॅमेऱ्याला नाक जवळ पडतं आणि कान लांब. नाक फुगतं, कान मागं पळतात, माणूस ओळखीचा वाटतो पण आपला वाटत नाही. हा दोष लेन्सचा नव्हे, अंतराचा आहे. लांब लेन्सचं काम एवढंच, की लांब उभं राहूनही चेहरा चौकटीत पुरेसा भरतो. हातभर अंतरावरून मोबाइलनं काढलेल्या फोटोत आज घरोघर हेच नाक दिसतं. दोन पावलं मागं जाऊन झूम दुप्पट केला तरी पुष्कळ फरक पडतो.

फोकस डोळ्यावर, आणि मान वळलेली असेल तर कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर. अ‍ॅपर्चर शक्यतो आठ. हल्ली पार्श्वभूमी लोण्यासारखी विरघळावी म्हणून १.८ वर काढायची हौस असते. ८५ च्या लेन्सनं पाच फुटांवरून १.८ ठेवलं तर स्पष्ट राहणारी पट्टी जेमतेम तीन सेंटिमीटरची. पापणी लख्ख आणि कान धुक्यात. ५.६ वर हीच पट्टी दहाएक सेंटिमीटर होते. मामांना धुकं परवडण्यासारखं नव्हतं. कान, त्यातली भिकबाळी, गळ्यातली काळी पोत, हे सगळं घरच्यांना नंतर हवं असतं, हे त्यांना माहीत होतं.

पडद्याचंही असंच. कोल्हापूर हे पडदे रंगवणाऱ्यांचं गाव. आनंदराव आणि बाबूराव या पेंटर बंधूंनी नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाचा कॅमेरा बनवायचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ साली गेले, आणि बाबूरावांनी कॅमेरा पुरा करून १९२० मध्ये 'सैरंध्री' लोकांसमोर आणला. मामांना याचा केवढा अभिमान! स्टुडिओतही महाल, कारंजं आणि पायऱ्या असलेला रंगीत पडदा होता. जोडप्यांना तो हवाच असे. पण एकट्या म्हाताऱ्या माणसाचा फोटो असला, की मामा पडदा गुंडाळून मागं काळी घोंगडी टांगत. घोंगडी उजेड पिऊन टाकते, मागं काहीच उरत नाही, आणि कानामागून महालाचा खांब उगवत नाही. मात्र काळे केस काळ्या घोंगडीत मिसळू नयेत म्हणून मागून एक छोटा दिवा केसांवर सोडावा लागे. मुख्य दिवा एका बाजूनं, डोळ्यांच्या बराच वर. पलीकडच्या गालावर उजेडाचा त्रिकोण उमटला की जागा बरोबर. सावली फार गडद झाली तर दुसऱ्या बाजूला धुतलेलं पांढरं धोतर धरून मी उभी. त्या धोतरावरून परतलेला उजेड डोळ्यांत ठिपका होऊन चमकला, की मामा बटण दाबत.

चौकटीचे नियम त्यांनी कधी नियम म्हणून सांगितले नाहीत. डोळे वरच्या तिसऱ्या भागात. माणूस जिकडं बघतो, तिकडं जागा जास्त. मनगटावर, कोपरावर, गुडघ्यावर फोटो कापायचा नाही; सांध्यावर कापला की हात तुटल्यासारखा दिसतो. आणि डोक्याभोवती जागा सैल सोडायची. ही शेवटची गोष्ट मला जास्तच वाटे. का, असं विचारलं, तर म्हणाले, "फ्रेमची पट्टी अर्धा इंच खाते. त्यावर हार येतो, तो अजून खातो. चेहरा झाकला तर काय उपयोग?" समोर बसलेली आजी ठणठणीत होती, नातवाला दटावत होती. मामा हसऱ्या तोंडानं तिला हनुवटी जरा खाली घ्यायला सांगत होते. त्यांनी स्वतः कधी कुणाच्या हनुवटीला हात लावला नाही. आपलीच मान वळवून दाखवत, समोरचा आरशासारखा वळे. बायकांचा पदर, कुंकू, केस सारखे करायचं काम माझं.

मामींचं ऋण वेगळं मांडायला हवं. उतरत्या टेबलावरच्या काचेत निगेटिव्ह, खालच्या आरशातून वर येणारा उजेड, आणि सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल. निगेटिव्हवर शिसं चढलं की कागदावर ती जागा उजळते; सुरकुती अशी हलकी होते. मामी सुरकुती हलकी करत, पुसत नसत. देवीचे व्रण, चामखीळ, तुटलेला दात यांना त्यांची पेन्सिल लागत नसे. एकदा एका नवऱ्या मुलीच्या आईनं कपाळावरची खूण काढायला सांगितली. मामींनी विचारलं, "कशानं झाली?" लहानपणी उंबऱ्यावर पडून. "मग राहू दे की. माहेरची आहे." खूण राहिली. आज एका बोटाच्या फटकाऱ्यानं चेहरा गुळगुळीत करणारी साधनं माझ्याकडंही आहेत. ती वापरताना मी तोच प्रश्न मनात विचारते, आणि बऱ्याचदा बोट मागं घेते.

दर पाडव्याला मामा स्वतः स्टुलावर बसत आणि शिकणाऱ्याकडून फोटो काढून घेत. ही आमची परीक्षा. बसल्या बसल्या ते फार छळत. "बोल की काहीतरी. मी इथं बसून काय करू?" "हात कुठं ठेवू, ते सांगितलंच नाहीस." मग आम्हालाही बसावं लागे. स्वतः तिथं बसल्याशिवाय त्या दिव्यांची धग, तो उघडा पडल्याचा संकोच आणि समोरच्याच्या एका 'छान' या शब्दाचं मोल कळत नाही.

आणि वही. प्रत्येक निगेटिव्ह बटर पेपरच्या पाकिटात, पाकिटावर नंबर, वहीत त्याच नंबरासमोर नाव, गाव, तारीख. कित्येक वर्षांनी कुणी डोकं तासून पायरी चढलं आणि वडिलांचं नाव वहीत निघालं, की मामा पत्र्याच्या पेटीतून ते पाकीट काढत. त्या कागदावर डोळे डोळेच असत. कोट चढवावा लागत नसे.

१९९३ मध्ये निवडणूक आयोगानं फोटो असलेली मतदार ओळखपत्रं सुरू केली. पुढं पिशवीतून ग्रुप फोटोऐवजी ती कार्डं निघू लागली. आता काहीच निघत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर येतं: लेकीच्या खांद्याआडून डोकावणारा बाप, पाठवता पाठवता आणखी बारीक झालेला. घरात हजारो फोटो असतात, आणि मोठा करता येईल असा एकही नसतो.

मामा-मामी दोघंही आता नाहीत, स्टुडिओच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. मी शनिवारी काही मुलामुलींना शिकवते. तांब्या आणि टोपीपासूनच सुरुवात होते. फी मी घेत नाही, पण मामांची अट आहे तशी लावते. ज्याचा चेहरा वापरून तुम्ही शिकलात, त्याला चांगल्या कागदावर एक प्रत नेऊन द्यायची, मागं नाव, गाव, तारीख लिहून. प्रिंटला पैसे पडतात, अशी मुलं कुरकुर करतात. पडतातच. तीच तर फी.