चला, राक्षसांच्या गावाला!

आइसलँड म्हटलं की सगळ्यांची यादी ठरलेली. ब्लू लगून, नॉर्दर्न लाइट्स, धबधब्यापुढे फोटो, की झालं! वायव्येच्या वेस्टफ्योर्ड्सकडे फार कमी जण वळतात, कारण रिंग रोड तिकडे जातच नाही. पण तुम्हाला हटके काही हवंय ना? मग आर्नारफ्योर्दुरच्या काठावरचं बिल्दुदालूर गाठा. दोन्हीकडे डोंगर, मधे आत घुसलेला समुद्र आणि चिमुकलं गाव. इथे म्युझियम आहे ते चक्क समुद्री राक्षसांचं!

'स्क्रिम्स्लासेत्रिद' सुरू झालं २००९मध्ये, म्हणजे देशातल्या बँका कोसळल्या त्याच्या पुढच्याच वर्षी. लॉक नेसमध्ये नेसीबाई एकट्या, इथे मात्र राक्षसांच्या चार जाती! फ्योरुलाल्ली मेंढीसारखा, किनाऱ्यावर भटकणारा. गाभण मेंढ्यांवर म्हणे त्याचा डोळा. दुसरा माणसासारखा दिसणारा, तिसरा लांब मानेचा, आयाळवाला. माझा फेव्हरिट चौथा. त्याचं अंग शिंपल्यांनी मढलेलं, त्यामुळे चालला की खडखडतो. दिसण्याआधी ऐकू येणारा राक्षस! यापुढे हॉलिवूडचे स्पेशल इफेक्ट्स काय घेऊन बसलात?

आतलं वातावरण अंधारं, थोडं थ्रिलरसारखं. मोठ्या डिजिटल टेबलावर खाडीचा नकाशा आहे, कुठे काय दिसलं ते त्यावर कळतं. खरी मजा मात्र राक्षस पाहिल्याचं सांगणाऱ्यांच्या व्हिडिओंत. 'सील असेल हो, नाही तर देवमासा!' असं आपण शहरी शहाणे पटकन म्हणून मोकळे होतो. पण ज्यांच्या पिढ्या समुद्रावर पोसल्या, त्यांना सील कोण शिकवणार? राक्षस खरा नसेलही, पण सांगणाऱ्याला वेड्यात काढायचं नाही, हे या म्युझियमनं छान सांभाळलंय.

गाव मुळात मासेमारीवर जगणारं. १९८४मध्ये देशात कोटा पद्धत आली, पुढे कोट्यांची खरेदी-विक्री होऊ लागली आणि या भागातल्या छोट्या गावांच्या हातून मासळी निसटत गेली. आता रोजगार देतात ते खाडीतले सामन माशांचे पिंजरे. त्यावर पर्यावरणवाद्यांचा आक्षेप आहे. नोकऱ्या हव्यात आणि स्वच्छ पाणीही, हा वाद सध्या राक्षसांपेक्षा जास्त तापलाय.

जाणार असाल तर उन्हाळ्यातच जा, म्युझियम तेव्हाच उघडं असतं. आइसलँडमध्ये रेल्वे नाही, त्यामुळे गाडी हवीच. स्टिक्किशोल्मुरहून फेरीबोटीनं गेलात तर बराच रस्ता वाचतो. जूनमध्ये रात्री नीट अंधारही पडत नाही. जेवण झाल्यावर किनाऱ्यावर एक चक्कर मारा, आणि आयपॉड, मोबाइल काहीही कानाला लावू नका. शिंपले खडखडले तर ऐकू यायला नकोत का?