दमानं घे, जीटीओ!

डेट्रॉइटला गेलेले लोक काय बघतात? फोर्डचं म्युझियम बघतात, नदीपलीकडे दिसणाऱ्या कॅनडासमोर फोटो काढतात आणि परत येतात. माझं ऐकाल तर एक अख्खा दिवस एका रस्त्याला द्या. वुडवर्ड अव्हेन्यू! डाउनटाउनमध्ये नदीकाठी सुरू होतो आणि वायव्येकडे तिरका जात साधारण २७ मैलांवर पॉन्टिअ‍ॅक शहरात पोचतो. म्हणजे आपलं चर्चगेट ते भाईंदर.

रस्त्याचा बायोडेटा भारी आहे. १९०९ मध्ये इथल्या सिक्स माइल ते सेव्हन माइल या पट्ट्यात एक मैल काँक्रीट टाकलं, तेव्हा ते बघायला लांबून माणसं यायची. १९१३ मध्ये याच रस्त्यावरच्या हायलँड पार्क कारखान्यात फोर्डची सरकती असेंब्ली लाइन सुरू झाली. आणि १९२० मध्ये मिशिगन अव्हेन्यूच्या नाक्यावर चारी बाजूंना दिसणारा तीन रंगांचा सिग्नल उभा राहिला. तो डिझाइन केला विल्यम पॉट्स नावाच्या डेट्रॉइटच्या पोलिसानं. गाड्या पळवायला शिकवणाऱ्या गावाला थांबवायला पोलीसच लागला, हे मला जाम आवडलं.

पण पोरांनी त्या सिग्नलचं काय केलं? स्टार्टिंग लाइन! पन्नास-साठच्या दशकात वुडवर्डवर रात्री सिग्नल ते सिग्नल शर्यती लागायच्या. रस्ता सरळ, रुंद, मध्ये हिरवा दुभाजक, पेट्रोल स्वस्त. रॉयल ओकमधला रॉयल पॉन्टिअ‍ॅक हा डीलर तर गाड्या खास ट्यून करून विकायचा. या सगळ्या वेडाची हीरो होती पॉन्टिअ‍ॅक जीटीओ. १९६४ च्या मॉडेलपासून आलेली, मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ क्युबिक इंचांचं म्हणजे जवळपास ६.४ लिटरचं व्ही-एट ठासून बसवलेली. १९६६ मध्ये एका वर्षात ९७ हजारांच्या आसपास खपली. आपल्याकडे मोठी अमेरिकन गाडी म्हटलं की सिनेमातल्या शेठजींची इंपाला आठवते. जीटीओ शेठजींची नाही, त्यांच्या वाया गेलेल्या पोराची!

आणि तशी एक, १९६६ ची, माझ्या मावसभावाच्या गॅरेजमध्ये उभी आहे. दादा वीसेक वर्षं ट्रॉयमध्ये राहतो, दिवसा सॉफ्टवेअर करतो, रात्री नटबोल्ट. मी कंपनीच्या कामासाठी तीन आठवडे तिकडे होतो आणि नेमका ऑगस्ट होता. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्डवर ड्रीम क्रूझ असते. १९९५ मध्ये फर्नडेलच्या सॉकर मैदानासाठी पैसे उभे करायला कुणीतरी जुन्या गाड्यांची फेरी काढली, आणि आता दरवर्षी हजारो गाड्या येतात. यंदा पुतणीला बाबाशेजारी बसून जायचं होतं. वहिनीनं एका वाक्यात विषय संपवला. "ब्रेक बदलल्याशिवाय माझी पोरगी त्या गाडीत बसणार नाही."

वहिनी घाबरट नाही. तिला फक्त दादापेक्षा गाडीचं जास्त कळतं, असं माझं मत झालंय.

फंडा असा. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. चाकाबरोबर लोखंडी ड्रम फिरतो आणि आतले दोन शू फाकून त्याला घासतात. फिरणारा ड्रम शूला आपल्याबरोबर ओढतो, त्यामुळे दाराखाली सरकवलेली पाचर जशी घट्ट बसत जाते तसा शू आणखी दाबला जातो. एकदा ब्रेक मारा, मस्त लागतो. लागोपाठ चार-पाचदा जोरात मारा... ड्रम तापतो, तापला की फुगतो, शूपासून लांब जातो. तापलेला लायनर पकड सोडतो. पेडल खाली खाली जातं आणि १६०० किलोची गाडी पुढे पुढे. शिवाय त्या पाचरीमुळे डाव्या-उजव्या ड्रममधला बारीकसा फरकही मोठा होतो. दादाची गाडी ब्रेक मारला की डावीकडे तोंड वळवायची, रुसलेल्या सुनेसारखी.

पण वहिनीचा मुद्दा वेगळाच होता. १९६६ च्या जीटीओत मास्टर सिलिंडरला ब्रेक ऑइलचा कप्पा एकच. कुठेही एक रबरी सील गेलं, एखादा गंजका पाइप फुटला, की चारही चाकांचा ब्रेक एकदम गुल. १९६७ च्या मॉडेलपासून अमेरिकन गाड्यांत दोन कप्पे सर्रास आले, पुढच्या चाकांना वेगळा आणि मागच्यांना वेगळा. जीटीओला पुढे डिस्क ब्रेकचा पर्यायही त्याच वर्षी मिळाला. दादाची गाडी बरोबर एका वर्षानं हुकलेली! ३३५ हॉर्सपॉवर द्यायला कंपनीला वेळ होता, दुसरा कप्पा द्यायला नव्हता. राल्फ नेडर यांचं गाड्यांच्या सुरक्षेवरचं पुस्तक १९६५ चं आणि वाहनसुरक्षेचा कायदा १९६६ चा, म्हणजे त्या काळात नेमकं काय बदलत होतं बघा.

शेजारी एक रिटायर्ड आजोबा राहतात, आयुष्यभर कारखान्यात काम केलेले. त्यांचा या सगळ्याला विरोध. ओरिजिनल ते ओरिजिनल, ड्रम नीट अ‍ॅडजस्ट केले तर वाईट नसतात, फक्त दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर लावा आणि सोडा, असं त्यांचं म्हणणं. खोटं नाही ते. शांतपणे चालवणाऱ्याला तेवढं पुरतं. पण क्रूझच्या दिवशी वुडवर्डवर गाडी चालत नाही, रांगते. समोरच्यानं कधी ब्रेक मारला कळत नाही, आणि त्या समोरच्याकडे आजची एबीएसवाली गाडी असते. दादानं मग पुढे डिस्क, मागे ड्रम तसेच, असा निर्णय घेतला. काढलेले सगळे पार्ट लेबल लावून खोक्यात भरले. उद्या कुणाला परत लावायचे असतील तर लावता येतील. यावर आजोबा विरघळले आणि स्वतःचा टॉर्क रेंच घेऊन आले.

किट लावणं म्हणजे टीव्ही बदलणं नव्हे. डिस्कला ड्रमसारखी पाचरीची फुकट मदत नाही, म्हणून दाब जास्त लागतो, म्हणून बूस्टर. बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. ज्यांनी इंजिनात रेसिंगची कॅम टाकलीय, त्यांचा व्हॅक्यूम सिग्नलवर उभं असताना पडतो आणि नेमका तेव्हाच पेडल दगड होतो. दादाचं इंजिन साधं, सुटला. पण जुन्या १४ इंची रिमला कॅलिपर घासायला लागला, मग १५ इंची रिम आल्या. त्यात प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि आधी लॉक होतात. गाडी गिरकी घेऊ शकते. म्हणून हा व्हॉल्व्ह मागचा दाब मर्यादेत ठेवतो. शेवटी एअर काढणं. मास्टरपासून सर्वांत लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं उजवं. पेडलवर पुतणी, चाकाखाली दादा. "दाब... धरून ठेव... सोड." तासभर हेच. तिला त्या संध्याकाळी गाडीबद्दल जेवढं कळलं, तेवढं मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कळलं नव्हतं.

मला वाटलं, संपलं. दादा म्हणाला, "अरे, आत्ता तर अलाइनमेंट!"

इथे खरी गंमत आहे. १९६६ च्या पुस्तकातले आकडे त्या काळच्या बायस-प्लाय टायरसाठी होते आणि पॉवर स्टीअरिंग नसलं तरी पार्किंग सोपं जावं म्हणून होते. आज गाडीला रेडियल टायर आहेत. कॅस्टर म्हणजे काय, तर सायकलच्या पुढच्या फोर्कचा तिरपेपणा. हात सोडले तरी सायकल सरळ जाते ती त्याच्या मदतीनं. तेव्हा तो शून्याच्या आसपास ठेवायचे, म्हणून जुन्या गाड्या हायवेवर तरंगत चालतात. दादाला तो दोन-तीन अंश तरी हवा होता. कॅम्बर म्हणजे चाक वरून आत झुकलंय की बाहेर. तो अर्धा अंश आत. टो म्हणजे पंजे आत वळलेत का. तो अगदी किंचित आत. आणि हे सगळं करायला काय? वरच्या कंट्रोल आर्मच्या मागे सारायच्या पत्र्याच्या चकत्या! पुढच्या बोल्टवर किती, मागच्या बोल्टवर किती, बस्स. अर्थात आधी सुकून तडकलेले रबरी बुश आणि खिळखिळे बॉल जॉइंट बदलले. बुश ढिले असतील तर मशिनवर सेट केलेले आकडे पहिल्या खड्ड्यात बदलतात, आणि मिशिगनच्या हिवाळ्यानंतरचे खड्डे आपल्या तोडीचे असतात.

अलाइनमेंटच्या दुकानातला पोरगा कंप्युटरमध्ये १९६६ चे आकडे शोधायला लागला. दादानं खिशातून स्वतःच्या आकड्यांची चिठ्ठी काढून दिली. पोरगा हसला. म्हणाला, या आठवड्यात येणारा प्रत्येक जण चिठ्ठी घेऊनच येतो.

शुक्रवारी रात्री शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये ट्रायल. दादानं ५० किलोमीटरच्या वेगाला दहा वेळा ब्रेक मारले, मी बाहेर उभा राहून चाकं बघत होतो. मागची आधी लॉक होईनात, तोंड डावीकडे वळेना, दहाव्यांदाही पेडल पहिल्याच जागी. वहिनी कठड्यावर बसून चहा पीत बघत होती. काही बोलली नाही.

शनिवारी फर्नडेलपासून वर निघालो. दोन्ही बाजूंना खुर्च्या टाकून बसलेली कुटुंबं, बार्बेक्यूचा धूर, बर्कलीत १९१९ च्या जुन्या गॅरेजचं झालेलं रेस्टॉरंट. थर्टीन माइलच्या सिग्नलला शेजारी एक काळी शेव्हेल येऊन थांबली आणि तिनं इंजिन गुरगुरवलं. दादानं हात हलवून तिला पुढे जाऊ दिलं. पुतणी वैतागली, "बाबा, यू आर सो बोरिंग!"

मागच्या सीटवर माझ्या शेजारी वहिनी होती. तिचं लक्ष पुतणीच्या कमरेच्या पट्ट्याकडे होतं. १९६६ ची गाडी, खांद्यावरून येणारा पट्टा नाहीच. "पुढच्या वर्षी," ती म्हणाली, "हे."