जत्रेपुरता मांडव

गेल्या मार्गशीर्षात एके सायंकाळी आमच्या कोळारातील चार तरुण वर्गणीचे पुस्तक घेऊन ओसरीवर आले. गावच्या मैदानाभोवती हजार माणूस बसेल अशी दगडी पायऱ्यांची गॅलरी बांधावयाची, निम्मी रक्कम वर्गणीतून आणि निम्मी कर्जाऊ उभी करावयाची, असा त्यांचा संकल्प होता. अग्रभागी आमचा पुतण्याच होता. ‘काका, पहिला आकडा तुमच्या हातचा पडू द्या,’ असे तो म्हणाला. आम्ही लेखणी उचलली आणि तशीच खाली ठेवली. दोन दिवसांची मुदत मागितली, तेव्हा पोराचा चेहरा उतरला. त्या दोन दिवसांत मनात जे आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हात थांबण्याचे कारण जुने आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही एका देवस्थानच्या समितीवर होतो. जत्रेच्या दिवशी भाविक उन्हात ताटकळत, हे पाहून सभामंडप तिप्पट मोठा करण्याची सूचना आम्हीच मांडली. कर्ज काढून मंडप झाला आणि जत्रेस शोभलाही. परंतु वर्षाच्या इतर दिवशी आरतीस पंधरा माणसे असत आणि घंटेचा नाद रिकाम्या खांबांवर आदळून परत येई. हप्ते मात्र दरमहा येत. ते फेडताना नैवेद्यास कात्री लागली, पुजाऱ्यांचे मानधन थकले आणि एका श्रावणात नंदादीपाच्या तेलासाठी घरोघर फिरण्याची पाळी आली. त्या ठरावावरील पहिली सही आमची होती.

फुटबॉल आम्हां सीमाभागातील लोकांस परका नव्हे. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपूर्वी बीदर आणि कलबुर्गी हे जिल्हे हैदराबाद राज्यात होते. त्याच हैदराबादच्या सिटी पोलिस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईस जाऊन रोव्हर्स चषक जिंकला. त्यांचे गुरू सय्यद अब्दुल रहीम यांनी भारताला १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवून दिले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथ्या स्थानावर नेले. हे यश गॅलऱ्यांनी दिलेले नव्हते. ते शिकवणीने दिलेले होते.

मोठे प्रेक्षागार आम्ही प्रथम जवळून पाहिले ते गोमंतकात. कुलदेवतेच्या दर्शनास गेलो असता जावईबापू आम्हांस मडगावजवळच्या फातोर्ड्यास सामना दाखवावयास घेऊन गेले. १९८९ साली उभ्या राहिलेल्या ह्या स्टेडियममध्ये आज सुमारे एकोणीस हजार आसने आहेत. वार आडदिवसाचा होता, आणि निम्म्याहून अधिक आसने मोकळी होती. आम्ही आश्चर्य व्यक्त केले, तेव्हा जावईबापू हसून म्हणाले, ‘मामा, जात्रेक सगळे येतात, सदांच कोण येना!’ आमच्या मंडपाची कथा त्यांस ठाऊक नव्हती. पण बाण वर्मी लागला.

तेथेच आणखी एक गोष्ट ध्यानी आली. धेंपो क्लबने २००५ ते २०१२ या काळात पाच वेळा आणि साळगावकर क्लबने १९९९ व २०११ साली राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. दोहोंच्या मागे गोव्यातील धनाढ्य उद्योगघराणी. तरीही ह्या क्लबांनी आपल्या नावाचे मोठे स्टेडियम उभारण्याचा हव्यास धरला नाही. मोठे सामने सरकारी फातोर्ड्यावर झाले. २०१६ साली राष्ट्रीय संघटनेशी मतभेद होऊन दोन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले, तेव्हा मागे ओसाड स्टेडियम आणि त्याचे व्याज उरले नाही. धेंपो तर २०२४ साली त्या स्पर्धेत परतलाही.

आता थोडा हिशेब. आकडे मानीव आहेत, पण रीत खरी आहे. समजा, एका वाढीव आसनास पन्नास हजार रुपये खर्च आला आणि कर्जाचा दर दरसाल दरशेकडा दहा आहे. व्याजच वर्षास पाच हजार झाले. स्वगृही सामने बारा, तिकीट दोनशे रुपये. प्रत्येक सामन्यास ते आसन विकले गेले तरी हाती येतात दोन हजार चारशे. मुद्दल, रंगरंगोटी, दिव्यांचे वीजबिल आणि पहारेकरी निराळेच. शिवाय वाढीव आसन विकले जाते केव्हा? जुनी सारी आसने भरल्यावर! म्हणजे ते वर्षातून दोनदा किंवा तीनदाच भरणार. सामना बारा दिवसांचा, व्याज तीनशे पासष्ट दिवसांचे.

मग मोठे स्टेडियम कोणासच परवडत नाही काय? तसेही नाही. लंडनच्या आर्सेनल क्लबचे जुने हायबरी मैदान सुमारे अडतीस हजारांचे होते. ते सदा भरलेले असे आणि हंगामी तिकिटासाठी लोक वर्षानुवर्षे यादीत नाव घालून वाट पाहत. अशा क्लबने सुमारे एकोणचाळीस कोटी पौंड खर्चून २००६ साली साठ हजारांचे नवे स्टेडियम उघडले. जुन्या मैदानाच्या जागी घरे बांधून विकली. उत्पन्न वाढले. तरीही कर्जफेडीच्या काळात खेळाडूंवर हात आखडावा लागला आणि २००५ च्या एफ. ए. चषकानंतर पुढचा मोठा चषक हाती यावयास २०१४ साल उजाडले. जेथे मागणी दाराबाहेर उभी होती तेथे ही किंमत. जेथे आतलीच आसने मोकळी, तेथे काय होईल?

आकारावर भाळू नये, हे आपल्या मुंबईनेही शिकविले आहे. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे ब्रेबोर्न स्टेडियम १९३७ साली उघडले. पुढे आसनांच्या वाटपावरून मुंबईच्या क्रिकेट संघटनेशी वाद झाला आणि हाकेच्या अंतरावर वानखेडे स्टेडियम उभे राहिले. १९७३ नंतर ब्रेबोर्नवर पुढचा कसोटी सामना झाला तो २००९ साली. छत्तीस वर्षे! सभासदांचा क्लब भक्कम होता म्हणून वास्तू तगली. वानखेडेची २०११ च्या विश्वचषकासाठी पुनर्बांधणी झाली, तेव्हा आसने वाढविण्याऐवजी घटविण्यात आली.

पारड्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अगदीच बिनघराचा क्लब वाऱ्यावर जातो. पुण्याचा क्लब २०१९ साली मोडला आणि त्याच्या जागी आमच्या शेजारच्या हैदराबादचा संघ आला. साथीमुळे सारे सामने गोव्यातच होत असताना, स्वगृही एकही सामना न खेळता, त्याने २०२२ च्या मार्चात फातोर्ड्यावरच विजेतेपद मिळविले. तोच संघ २०२५ साली दिल्लीस गेला. त्याच वर्षी लीग चालविण्याचा नवा करार वेळेवर न झाल्याने हंगामच लांबला. ज्या धंद्यात पुढील वर्षी सामने होतील की नाही हेच अनिश्चित, त्यात वीस वर्षांचे कर्ज काढणे धाडसाचे आहे. परंतु गावाशी नाते जडण्यास काहीतरी स्वतःचे हवे, हेही खरे. ते काहीतरी म्हणजे आमच्या मते सरावाचे मैदान, मुलांची शाळा आणि चांगला शिक्षक. भाविक वाढले की मंडप वाढवावा. मंडप वाढविल्याने भाविक वाढत नाहीत.

तिसऱ्या दिवशी पुतण्यास बोलाविले. मंडपाची हकीकत, सहीसकट, प्रथमच त्यास सांगितली. वर्गणीच्या पुस्तकात आकडा घातला आणि त्यापुढे लिहिले : ‘मैदान सपाट करणे, पाण्याची टाकी, कडेने कडुनिंब, व एका शिक्षकाचे वर्षाचे वेतन यासाठी. गॅलरीसाठी नव्हे.’ तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘काका, पण मोठ्या सामन्यास लोक बसणार कोठे?’ आम्ही म्हणालो, ‘जत्रेस करतो तसा मांडव घालू, दुसऱ्या दिवशी सोडवू.’

त्याचे पुरते समाधान झाले, असे आम्ही म्हणणार नाही. पण कडुनिंबाची रोपे त्याने स्वतः लावली आहेत. त्यांची सावली पडेपर्यंत मैदानाभोवती माणसांची दाटी होऊ लागली, तर गॅलरीच्या पुस्तकात पहिला आकडा आम्हीच घालू.