थंड काटा

आमच्या वडिलांजवळ १९५० सालची मॉरिस मायनर होती. तिला पाण्याचा पंपच नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर रेडिएटरमध्ये जायचे, निवलेले खाली उतरायचे. सारा कारभार निसर्गावर! वडिलांनी मात्र हौसेने तापमानाचा काटा बसवून घेतला होता.

एकदा बोरघाटात गाडी धापा टाकू लागली. आई म्हणाली, "अहो, जरा थांबा ना." वडिलांनी काट्याकडे बोट दाखवले, "थंड आहे!" पुढच्याच वळणावर वाफेचा लोट उठला. काटा तेव्हाही थंडच! त्याची नळी केव्हाच फुटली होती.

पुढे छातीत दुखू लागले तेव्हाही वडील "काही नाही" असेच म्हणाले. ते गेले आणि गाडी पडून राहिली.

गेल्या वर्षी मी ती दुरुस्तीला काढली. रेडिएटरमधून गंजाचा चहाच वाहिला! काट्याच्या बारीक तांब्याच्या नळीच्या टोकाला ईथरची कुपी असते. पाणी तापले की आतला दाब वाढतो आणि काटा सरकतो. पण ईथर ३५ अंशांनाच उकळते. दुसऱ्या काट्याची भरलेली कुपी जोडताना ते उडून जाऊ नये, म्हणून ती आइसक्रीमच्या पॉटात बर्फ-मिठात बुडवली आणि नळीच्या जोडाला डाग दिला. नातवंडे आशेने भोवती बसली होती! मग कुपी उकळत्या पाण्यात धरली. काटा चढत चढत बरोबर २१२ फॅरनहाइटवर थांबला.

परवा घाटात तो २०० च्या पुढे सरकला. सौ. काही बोलायच्या आत मी गाडी बाजूला घेतली.

"आजोबा, बिघडली?" नातीने विचारले.

"नाही गं," मी म्हणालो, "खरं बोलायला लागली."